जुळणारं रबर

प्रयोगशाळेतल्या मोठ्या साहेबांच्या तोंडून 'माहीत नाही' हे शब्द कुणी ऐकले नव्हते. रस्त्यावरच्या टायरच्या डागावरून गाडी ओळखणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती, आणि ती पसरवायचं निम्मं काम ते स्वतःच करत.

काम तसं सरळ होतं. डाग खरवडायचा, रबराचा कण तापवायचा, निघालेली वाफ यंत्रात सोडायची, की कागदावर शिखरांची रांग उमटे. संशयिताच्या टायरचीही तशीच काढायची. मग दोन्ही कागद खिडकीच्या उजेडात एकावर एक धरून साहेब म्हणायचे, "जुळतंय!" आणि एक माणूस कामातून जायचा.

या खेपेला पाळी होती पाव पोचवणाऱ्या एका टेम्पोवाल्याची. सायकलवरून जाणाऱ्याला कुणीतरी उडवून पळालं होतं, बिचारा जागीच गेला. टेम्पोवाला म्हणत होता, मी त्या रस्त्याला फिरकलोच नाही. साक्षीदार कुणी नव्हता. होतं ते साहेबांचं रबर.

साक्षीच्या दिवशी सकाळी हाताखालच्या बाई कागद घेऊन आल्या.

"साहेब, आपल्या पार्किंगमधल्या गाड्यांचं रबर तपासलं मी. तुलनेला. असे नमुने आपण कधी घेतच नाही."

"उगाच कशाला गॅस जाळलात?"

"तीन गाड्यांचं त्या डागाशी जुळतंय. त्यात एक तुमची आहे."

साहेबांनी कागद उजेडात धरले. शिखरावर शिखर बरोब्बर बसलं.

"म्हणजे मी उडवलं त्याला?"

"नाही हो! म्हणजे कुणीही उडवलं असेल. एवढंच सांगा कोर्टात. पोरंबाळं आहेत त्या टेम्पोवाल्याला."

एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं की आजवरची सगळी 'जुळतंय' उघडी पडणार, हे साहेबांच्या लगेच ध्यानात आलं. हुशार होते मेले!

कोर्टात आरोपीच्या वकिलाने नेमकं तेच विचारलं, "दुसऱ्या गाडीचं रबर जुळू शकतं का?"

साहेबांनी चष्मा पुसला. पिंजऱ्यातला टेम्पोवाला त्यांच्याकडे मोठ्या आशेने बघत होता. इतका शिकलेला माणूस खोटं कशाला बोलेल, असं त्याला वाटत असावं.

"प्रश्नच येत नाही," साहेब म्हणाले.

तिथून ते थेट मेहुण्याच्या टायरच्या दुकानात गेले आणि चारही टायर बदल, म्हणाले.

"भावोजी, अहो, हे अजून कोरे आहेत!"

"आवाज करतात. दुसऱ्या कंपनीचे बसव."

"ते मागवावे लागतील. इथे जो तो हेच घेतो."

"मागव."

बाईंनी आपले कागद कोर्टाकडे पाठवून पाहिले. नियमाप्रमाणे ते सहीसाठी साहेबांच्या टेबलावर आले आणि तिथेच राहिले. टेम्पोवाल्याला शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी साहेब नव्या टायरांवरून ऑफिसात आले. बाई पार्किंगमध्येच उभ्या होत्या. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"जुन्या टायरांचं काय केलंत?"

"मेहुण्याने विकले," साहेब कुलूप लावत म्हणाले. "कुणीतरी टेम्पोवालाच होता."

"त्याला म्हणावं, घरातच बसून राहा."