मागच्या उजव्या पायाखालचा पाट

मित्रांनो, या जगात जे काही ताठ उभं आहे, ते माझ्या पाठीवर उभं आहे. मी खचलो तर गावोगावचे मनोरे कलंडतील, पूल नदीत बसतील आणि घरांची छपरं कायमची अंगणातच राहतील. निदान मिलोयकाबाईंच्या क्रेनचा मागचा उजवा पाय तरी चिखलात जाईल. तेवढं नक्की.

मी एक जुना पाट आहे. ओकच्या लाकडाचा, दीड हात लांब, तेवढाच रुंद, पाच बोटं जाड. पोटातून दोन लोखंडी सळया आरपार गेलेल्या आहेत आणि एका कानाला दोराची मूठ आहे. तुमच्या घरच्या पाटावर बसून लोक जेवतात म्हणे. माझ्यावर क्रेन पाय देते आणि कुणी काही वाढत नाही.

शुमादियातल्या एका टेकडीवर मी दीडशे वर्षं झाड म्हणून सुखात होतो. मग सर्बियात रस्ते, घरं, शाळा यांची एकदम घाई सुटली आणि आम्हाला तोडण्यात आलं. आम्हा फळ्यांची वाटणी झाली. माझा सख्खा भाऊ गावच्या चर्चचा दरवाजा झाला. दर रविवारी आत जाताना लोक त्याला ओठ टेकवतात. मी विटोमिर नावाच्या क्रेनचालकाच्या वाट्याला आलो. त्यांनी मला रंधलं, बोल्ट आवळले, हातोडीनं दोन टोले घातले आणि कान देऊन म्हणाले, "हा बोलका निघणार!"

त्यांचं खरं होतं. बुडाखालची जमीन डळमळली की मी कुरकुरतो. हा माझा गुण आहे. पुढे सगळ्यांनी तो दोष म्हणून सांगितला, ती गोष्ट वेगळी.

क्रेन ओझं उचलण्याआधी चार पाय बाहेर काढते आणि खेकड्यासारखी पसरून बसते. पाय लोखंडी, तळवा ताटाएवढा, भार मात्र हत्तींचा. लग्नात नवरीच्या मावश्या उंच टाचांच्या चपला घालून हिरवळीवर येतात आणि फोटो निघेपर्यंत घोट्यापर्यंत रुततात, ते तुम्ही पाहिलंच असेल. क्रेनचंही तेच. म्हणून प्रत्येक पायाखाली एक पाट. आम्ही तो भार अंगभर पसरवून जमिनीला हळूच देतो. टाळ्या अर्थात क्रेनला.

विटोमिरनंतर गाडीवर त्यांची लेक बसली. मिलोयकाबाई ठेंगण्या, आवाज खणखणीत. काम सुरू करण्यापूर्वी त्या जागेभोवती एक पूर्ण फेरी मारतात. वर तारा आहेत का बघतात, साखळ्यांची कडी न् कडी बोटांनी चाचपतात, किती लांबवर किती वजन झेपेल तो तक्ता वाचतात. पाठ असूनही वाचतात. खाली उभा राहून हातानं खुणा करायला त्यांचा दीर झिवान. तो दिवसाकाठी चार शब्द बोलतो, पण त्याच्या हाताशिवाय दुसऱ्या कुणाच्या खुणेवर बाई बोट हलवत नाहीत. आणि शेवटी त्या घरमालकाला तोच प्रश्न विचारतात, जमिनीखाली काय आहे?

अशी तीस वर्षं सुखात गेली. मग शहरातून पिवळे प्लॅस्टिकचे पाट आले. हलके, गुळगुळीत, आणि अगदी मुके. लोकांना मुकी मंडळी आवडतात. मला अंगणातल्या आलुबुखाराच्या झाडाखाली टाकण्यात आलं आणि घरच्या कोंबड्यानं माझा ताबा घेतला. सहा वर्षं तो माझ्यावर उभा राहून पहाट जाहीर करत होता. नुसती पहाट जाहीर केली असती तर माझी काही तक्रार नव्हती.

गेल्या शरदात झिवान एक पिवळा पाट कुठल्याशा कामावर विसरून आला. "कुठे विसरलास?" असं बाईंनी विचारल्यावर तो म्हणाला, "तिथे." मग कोंबड्याला उठवून मला धुतलं, बोल्ट आवळले आणि शनिवारी सकाळी आम्ही ओब्रादच्या घरी गेलो.

ओब्रादची मुलगी यागोदा. पुढच्या रविवारी तिचं लग्न होतं आणि घराच्या नव्या मजल्यावर छप्पर चढायचं होतं. सुतारांनी छपराचा लाकडी सांगाडा अंगणातच जोडून ठेवला होता. दीड टन वजन. तो उचलून भिंतींवर बसवायचा. वर भिंतीवर दोन सुतार आणि स्वतः नवरदेव लाझार उभे होते. आढं चढलं की घरमालक कारागिरांसाठी छपरावर नवे सदरे बांधतो, तशी दोरी आधीच काठीला लावून सदरे फडफडत होते. कोकरू निखाऱ्यांवर फिरत होतं. ते फिरवायला ओब्रादचा कूम तिहोमिर बसला होता. कूम म्हणजे पोराचं नाव ठेवायला आणि लग्नात साक्षीला उभा राहणारा माणूस. भावापेक्षा जवळचा, त्यामुळे भांडणही भावापेक्षा जास्त. सफरचंद आंबट की गोड यावरही या दोघांचं चोवीस वर्षांत एकमत झालेलं नव्हतं.

बाईंनी फेरी मारली. "ओब्रादभाऊ, इथे खाली काही आहे? जुनी विहीर, मोरीचा खड्डा, तळघर?"

"काही नाही ताई. आजोबांची जमीन. दगड आहे दगड."

"पाइप?"

"अहो, दगडात पाइप कुठला?"

"परत विचारते. काहीही पुरलेलं?"

ओब्रादनं एकदा कूमकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

"तुमच्यावर आहे हो. जमिनीला मी अजून ओळखत नाही."

पाय पसरले, पाट बसले. पाणसळीच्या नळीतला बुडबुडा बरोबर मधोमध आला. झिवाननं सगळ्यांना दोरीपलीकडे हाकललं. यागोदा कॉफीचा ट्रे घेऊन थेट ओझ्याच्या वाटेतून निघाली होती, तिला त्यानं नुसता तळहात दाखवला आणि ती ट्रेसकट मागे फिरली. बाईंनी सदऱ्यांकडे बघून वारा जोखला आणि सांगाडा फक्त वीतभर उचलून तसाच धरला. हा त्यांचा नेम. वीतभर उचलायचं, थांबायचं, बघायचं. वीतभरावरून पडलं तर लाकूड आपटतं. भिंतीच्या उंचीवरून पडलं तर पुढे सांगायला नको.

आणि मित्रांनो, माझ्या बुडाखालून जमीन निघून जाऊ लागली. मऊ चिखल मला चांगला ठाऊक आहे, तो आधी पचपचतो. इथे खाली काहीतरी पोकळ होतं आणि ते श्वास सोडल्यासारखं बसत होतं. मला हात नाहीत, तोंड नाही. माझ्याकडे होती ती सहा वर्षं न वापरलेली कुरकुर. ती मी जिवाच्या आकांतानं काढली. चर्चच्या दारापर्यंत गेली असेल.

झिवानची मूठ वर गेली. नळीतला बुडबुडा केसभर सरकला होता. बाईंनी सांगाडा अलगद खाली टेकवला.

"पाट कुजलाय!" निखाऱ्यांजवळून तिहोमिर ओरडला.

"अगदी बरोबर! पाटच कुजलाय!" ओब्राद म्हणाला.

या दोघांचं एकमत झालेलं गावानं प्रथमच ऐकलं होतं.

तिहोमिर तरातरा आला. क्रेननं पाय वर उचलताच त्यानं मला ओढून बगलेत मारलं आणि निखाऱ्यांकडे निघाला. "कोकरू अजून कच्चंच आहे. असलं वाळकं लाकूड मिळतंय कुठे? ताई, तिथे एक फळी टाका आणि उरका!"

मी निखाऱ्यांपासून तीन पावलांवर होतो. ऊब लागायला लागली होती.

"कूम, तो पाट खाली ठेवा," बाई केबिनमधून उतरत म्हणाल्या. "माझ्या वडिलांचा आहे. तो खोटं बोलत नाही. इथे दुसरं कोणीतरी बोलतंय."

"अहो ताई, उचला ना!" भिंतीवरून लाझार ओरडला. "वारा सुटेल! आम्ही धरतो वरच्या वर!"

"जावईबापू, क्रेन कलंडली तर ती तुम्ही उभे आहात तिथेच येणार. ती पण धराल वरच्या वर?"

लाझार खाली बसला. बाई माझ्यावर बसल्या, पिशवीतून पाव आणि कायमाक, म्हणजे घट्ट खारी साय, काढली आणि सावकाश खायला लागल्या. "मला घाई नाही. भाऊंना काही आठवलं की उचलू."

ओब्राद टोपी कुरतडायचा तेवढा बाकी होता. त्यानं क्रेनचा लांब हात पाहिला. तिथून भिंतीपर्यंत नजर नेली. भिंतीवर लाझार पाय हलवत शीळ घालत होता. खाली यागोदा ट्रे धरून त्याच्याकडे बघत होती.

"ताई," ओब्राद म्हणाला, "खाली यागोदाचं लग्न आहे."

"म्हणजे?"

"ती जन्मली त्या दिवशी पुरलेलं पीप. आमच्या बागेतल्या आलुबुखारांची दारू, घरची रकिया, शंभर लिटर. तिच्या लग्नात काढायची म्हणून. चोवीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, पाद्रीबाबांना नाही. या कूमच्या कानावर गेलं असतं तर थेंब उरला नसता!"

"तीन वेळा विचारलं ना मी?"

"तिन्ही वेळा हा समोर बसला होता!"

सगळ्यांनी तिहोमिरकडे पाहिलं. तो कोकरू इतक्या जोरात फिरवत होता, की ते जिवंत असतं तर त्याला घेरी आली असती.

"बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला. "आता क्रेन पलीकडे घ्या. खणायला वगैरे नको. शुभ वस्तू आहे, राहू दे."

"खणा," बाई म्हणाल्या.

पीप निघालं. वरची फळी आत बसली होती, कडी वाकली होती आणि आत कोळ्याचं जाळं. रकिया नव्हती. होती ती एक रबरी नळी, हातभर लांब.

"कूमा," ओब्राद अगदी हळू म्हणाला. त्याचा असा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो आणि तो ओरडण्यापेक्षा वाईट होता. "ही नळी तुझ्या गाडीची आहे."

"मी नुसतं बघायचो रे, नीट मुरतेय का ते! दर हिवाळ्यात एकदा. पोरीच्या लग्नात खराब निघाली असती तर नाक कुणाचं कापलं असतं? तुझंच!"

"आणि मुरली होती?"

"फार छान मुरली होती," तिहोमिर म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

ओब्राद कुदळ टाकून बसला. चोवीस वर्षं त्या माणसानं एकच स्वप्न सांभाळलं होतं: सगळ्या गावासमोर पीप फोडायचं आणि पहिला पेला लेकीला द्यायचा. ते आता माझ्याशेजारी रिकामं, वासापुरतं पडलं होतं.

यागोदा पुढे आली. "बाबा, तुम्ही गप्प राहिला असता तर माझ्याकडे रकिया नसती आणि लाझारही नसता. एक तर वाचला ना?" मग ती तिहोमिरकडे वळली. "आणि कूमकाका, तुमच्या मुलाचं, बोगोल्यूबचं पीप कुठे पुरलंय?"

"कुठलं पीप?"

"थांबा, मीच सांगते. डुकरांच्या कुंपणामागे, नाशपातीखाली. काकू दर सणाला तिथे मेणबत्ती लावते."

झिवान हसला. त्या दिवसातले त्याचे चार शब्द उरलेच होते. तो म्हणाला, "रविवारी. भरलेलं. आणा. काका."

मग खड्डा दगड-मातीनं भरून दाबला, पण बाईंनी तिथे क्रेनचा पाय काही ठेवला नाही. क्रेन रस्त्याच्या बाजूला कठीण मुरुमावर घेतली. पुन्हा फेरी, पुन्हा तोच प्रश्न. या वेळी ओब्रादनं इतकं मोकळेपणानं सांगितलं, की आजोबांची मेलेली मांजर कुठे पुरली आहे तेही कळलं. मला मागच्या उजव्या पायाखाली ठेवलं. वीतभर उचललं, थांबलं, बघितलं. मी गप्प होतो. सांगाडा वर गेला आणि कोकरू भाजून होण्याआधी भिंतीवर बसला.

सदरे वाटले गेले. बाईंना नेहमीप्रमाणे पुरुषी मापाचा मिळाला. असे एकेचाळीस सदरे त्यांच्या कपाटात आहेत. शेवटी एक नक्षीचा टॉवेल उरला. तो ओब्रादनं माझ्यावर पांघरला आणि मला थोपटून म्हणाला, "तू ओरडलास म्हणून." माझ्या भावाला दर रविवारी ओठ टेकवतात, पण टॉवेल कधी कुणी दिलेला नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, क्रेन चालवाल, घरं बांधाल. काहीही उचलण्याआधी खाली काय आहे ते विचारा. उत्तर फार लवकर आलं तर पुन्हा विचारा. आधी वीतभरच उचला. आणि जुनं काही कुरकुरलं तर त्याला लगेच निखाऱ्यावर ठेवू नका, त्याच्या बुडाखाली बघा. जगाचा भार असाच पेलला जातो.

मी आता पुन्हा आलुबुखाराखाली, टॉवेल पांघरून आहे. फक्त एक करा. इकडून जात असाल, तर तो कोंबडा तेवढा हाकला. टॉवेल नवा आहे.