बाईसाहेबांच्या गिटारच्या तारा

तारेतलं आपल्याला कोणी काही शिकवायला आलं, की लिफ्टच्या मिस्त्रींचा पारा चढायचा. सत्तावीस वर्षं ते उंच इमारतींच्या शाफ्टमध्ये उतरून लिफ्टचे पोलादी दोर, त्यांच्या भाषेत रोप, तपासत आले होते. रोपातला कुठला पदर तुटायला आलाय, ते नुसतं चाचपून सांगायचे. त्यामुळे एका संध्याकाळी जेवताना बायकोने ताटातून वर न बघता जेव्हा म्हटलं, "या खेपेला गिटारला जरा चांगल्यातल्या तारा आणूया का? टिकतात म्हणे," तेव्हा त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"चांगल्यातल्या म्हणजे?"

"म्हणजे... महागातल्या."

"किती?"

"तिप्पट."

"तिप्पट! सोन्याच्या आहेत का?"

"पोलादाच्याच आहेत हो."

"मग झालं तर. अहो बाईसाहेब, पाकिटावर चमचमीत चित्र छापायचं आणि भोळ्या गिऱ्हाइकाला टोपी घालायची, एवढाच धंदा आहे तो. तार ती तार. मी सांगतो ना."

बाईसाहेबांनी भाताचं पातेलं पुढे सरकवलं. त्यांचा स्वभावच तसा. हट्ट म्हणून कधी करायच्या नाहीत, आणि मिस्त्रींना नेमकी त्याचीच चुटपुट लागायची.

दोघांचं लग्न पाच वर्षांपूर्वीचं. मिस्त्री तेव्हा एक्कावन्नचे, त्या सेहेचाळीसच्या. बाईसाहेब सरकारी कचेरीत चौथ्या मजल्यावर जमिनींचे नकाशे काढायच्या. एकदा कचेरीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, तेव्हा आत त्या एकट्याच होत्या. बाहेरून मिस्त्री चाळीस मिनिटं दुरुस्ती करत होते आणि त्यांना धीर यावा म्हणून अखंड बडबड करत होते. दार उघडल्यावर बाहेर यायला मिस्त्रींनी हात पुढे केला. बाईंनी फायली छातीशी घट्ट धरल्या, "नको, जमेल मला," म्हणाल्या आणि चक्क उडी मारून बाहेर आल्या. मिस्त्री त्या उडीवरच फिदा झाले. नंतर आठ महिने त्या लिफ्टची तपासणी जरा जास्तच वेळा झाली, ती गोष्ट वेगळी.

गिटार घरात आली दीड वर्षापूर्वी. कचेरीतल्या एका सहकाऱ्याची बदली झाली आणि तो सामान काढून टाकत होता. बाईसाहेबांनी त्याच्याकडून ती निळी इलेक्ट्रिक गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारा डब्याएवढा अ‍ॅम्प विकत घेतला. लहानपणापासून मनात होतं, म्हणाल्या. मिस्त्रींना कोण कौतुक वाटलं! त्यांनी मागच्या खोलीत भिंतीला लाकडी खुंटी ठोकली, बसायला बेताच्या उंचीचा स्टूल केला, शेजारच्या गल्लीतले गिटार शिकवणारे निवृत्त मास्तर शिकवणीला ठरवले. रोज सहाला बाईसाहेब घरी आल्या, की चहा घेऊन तासभर वाजवायच्या आणि मिस्त्री पुढच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसायचे. वाचायचे नाहीत, नुसते धरायचे.

अडचण एकच होती. तारा आठवडाभरात काळ्या पडायच्या. दहाव्या दिवशी त्यांवर बोट फिरवलं तर खरखर लागायची आणि आवाज असा बसायचा, की अ‍ॅम्पवर कोणी गोधडी टाकली आहे असं वाटावं. मिस्त्रींनी आपल्या परीने उपाय केले. पहिल्यांदा त्यांनी यंत्राचं तेल लावलं. त्या संध्याकाळी बाईसाहेबांची बोटं अशी घसरली, की त्या हसूनहसून स्टुलावरून पडायच्या राहिल्या, आणि पुढे आठवडाभर खोलीला गॅरेजचा वास येत होता. मग त्यांनी स्वस्तातल्या तारांची दहा पाकिटं एकदम आणली आणि दर रविवारी सकाळी स्वतः बसून त्या बदलायला सुरुवात केली. या कामाचा त्यांना भारी अभिमान. मास्तरांनाही बोलावून दाखवलं होतं.

पण त्या जेवणाच्या बोलण्यानंतर महिनाभरात मागच्या खोलीतला तास अर्ध्या तासावर आला, मग पंधरा मिनिटांवर. मधल्या दोन रविवारी मिस्त्रींना कामावर जावं लागलं आणि तारा तशाच राहिल्या. एका सोमवारी बाईसाहेब घरी आल्या, चहा घेतला आणि भाजी निवडत बसल्या.

"आज वाजवायचं नाही?"

"कंटाळा आला."

"कंटाळा? तुम्हाला?"

बाईसाहेबांनी एक देठ मोडला. "माझा हातच नाही हो वाद्याचा. उगीच आपलं या वयात खूळ. गुरुवारी मास्तरांना सांगून टाकते."

मिस्त्रींना हे लागलं. माणूस चुकत वाजवत असेल तर चालेल, पण थांबतो म्हणजे काय? आणि त्यांच्या मनात आलं, आपण त्या महाग तारांना नाही म्हणालो म्हणून तर मन मोडलं नसेल? दुसऱ्या दिवशी दुपारी, दोन इमारतींच्या मधल्या वेळात, त्यांनी घरी न सांगता मास्तरांच्या ओळखीच्या वाद्यांच्या दुकानातून बायकोसाठी म्हणून एक महागाचं पाकीट घेतलं. तरी आतला कारागीर गप्प बसेना. कामाच्या पिशवीतला जाडी मोजायचा मायक्रोमीटर काढून त्यांनी दुकानाच्या काउंटरवरच तारा मोजायला सुरुवात केली. खिशात स्वस्तातली एक जुनी तार होतीच.

दुकानदार वयस्क होता, चष्मा कपाळावर चढवून बसलेला. त्याने थोडा वेळ गंमत बघितली.

"काय निघालं?"

"सारखीच जाडी," मिस्त्री विजयाने म्हणाले. "केसाइतकाही फरक नाही. पोलादही तेच दिसतंय. मग तिप्पट कशाचे घेता?"

"वरच्या लेपाचे."

"कसला लेप?"

दुकानदाराने एक जाड तार उजेडात धरली. "ही जाड तार म्हणजे आत एक सरळ तार आणि तिच्यावर दुसरी वेटोळी घालून गुंडाळलेली. वाजवताना हाताचा घाम त्या वेटोळ्यांत शिरतो आणि आतच बसतो. गंज धरतो, तार मरते. महागातलीवर पातळ लेप असतो, घाम आत जात नाही. बस्स, एवढंच. आवाज म्हणाल तर नवी असताना स्वस्तातली जरा जास्तच खणखणीत वाजेल."

"मग कशाला घ्यायची?"

"सगळ्यांनी नाहीच घ्यायची. हात कोरडे असतील तर पैसे फुकट. तुमचे मास्तर माझ्याकडूनच नेतात, सगळ्यात स्वस्तातल्या, आणि वर्षभर पुरवतात. पण ओल्या हातांना ही आठवड्याऐवजी दोन-दोन महिने जाते." त्याने चष्मा डोळ्यांवर ओढला. "हात कसे आहेत तुमच्या मिसेसचे?"

मिस्त्रींनी मायक्रोमीटर पिशवीत टाकला. बायकोचा चहा किती गोड, चपलेचा नंबर काय, कुठल्या कुशीवर झोप लागते, सगळं त्यांना ठाऊक होतं. आणि हात कसे आहेत, हे सांगता येत नव्हतं. पाच वर्षांत ते हात त्यांच्या हातात नीट आलेच नव्हते. रस्ता ओलांडताना त्यांनी हात धरायला जावं, तर त्या पिशवी या हातातून त्या हातात घ्यायच्या. सिनेमाला गेलं, की हात घडी घालून मांडीवर. मिस्त्रींनी मनाशी ठरवून टाकलं होतं, की उशिरा लग्न झालेलं माणूस, त्याला ही लगट आवडत नसेल. वाईट वाटायचं, पण विचारायचं कसं?

संध्याकाळी बाईसाहेब आल्या तेव्हा मिस्त्री मागच्या खोलीत गिटार मांडीवर घेऊन बसले होते. जुन्या तारा काढून झाल्या होत्या.

"हे काय? मी बंद केलंय ना?"

"जरा इकडे बसा. हात बघू."

"कशाला?"

"बघू तर द्या."

बाईसाहेबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. शाळेतल्या मुलीसारखे. मिस्त्रींना ते बघून कसंतरीच झालं. त्यांनी दुकानात काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं, अगदी मायक्रोमीटरसकट. बाईसाहेब ऐकता ऐकता स्टुलावर बसल्या.

"घाम येतो," त्या म्हणाल्या. "खूप येतो. लहानपणापासून. उन्हाळा-हिवाळा काही नाही. शाळेत हात धरून गोल करायचा खेळ असला, की माझ्या दोन्ही बाजूच्या मुली ई करून फ्रॉकला हात पुसायच्या. नकाशे शिकत होते तेव्हा हाताखाली टिपकागद ठेवूनसुद्धा शाई फिसकटायची. एक सर म्हणाले होते, तुम्ही नदी काढू नका, ती आपोआपच वाहते." त्या हसल्या, पण नीट हसू आलं नाही. "कॉम्प्युटर आले म्हणून नोकरी टिकली माझी."

"आणि लिफ्टमधून बाहेर येताना?"

"चाळीस मिनिटं अडकले होते! हात नुसते निथळत होते. तुम्ही इतकं गोड बोलत होतात बाहेरून. म्हटलं, हात धरला की संपलं."

"मला वाटायचं, तुम्हाला आवडत नाही."

"काय?"

"हात धरलेला."

बाईसाहेबांनी मान वर केली. "आवडत नाही? अहो, पाच वर्षं मी रोज मनात म्हणते, आज धरू द्यावा."

मिस्त्रींना अशा वेळी काय बोलावं ते कधीच सुचायचं नाही. त्यामुळे ते कामाचंच बोलले. "हे बघा. आमच्याकडे काही इमारतींत शाफ्टच्या तळाला पाणी पाझरतं. बाकी ठिकाणी जो रोप दहा वर्षं जातो, तो तिथे तीन वर्षांत गंजतो. म्हणून काय आम्ही इमारतीला नावं ठेवतो? तिथे जस्ताचा लेप दिलेला रोप घालतो आणि घरी जातो. तुमचा हात वाद्याचा नाही, असं कोणी सांगितलं? मेलेल्या तारांवर वाजवत होतात तुम्ही. मास्तरांनाही जमलं नसतं. चूक माझी आहे. तिप्पट ऐकलं आणि पुढचं काही ऐकलंच नाही."

मग त्यांनी आपला हात पुढे करून ठेवला, तळवा वर. घाई केली नाही. बाईसाहेबांनी आधी हात कुडत्याला पुसला, मग पुसून काही उपयोग नसतो हे आठवून तसाच ठेवला. तो गार होता आणि खरोखरच ओला होता. मिस्त्रींचा पंजा सत्तावीस वर्षांच्या ग्रीसने इतका राठ झाला होता, की त्यांना ते फार बरं वाटलं, आणि त्यांनी तसं सांगितलंही.

"काहीतरीच तुमचं," बाईसाहेब म्हणाल्या. हात मात्र काढून घेतला नाही.

नव्या तारा त्या दोघांनी मिळून लावल्या. पहिल्या दिवशी बाईसाहेबांना त्या पसंत पडल्या नाहीत. बोटाखाली गुळगुळीत लागतात, म्हणाल्या, आवाजही थोडा मवाळ आहे. मिस्त्रींनी कॅलेंडरवर त्या तारखेला खूण केली. दहावा दिवस आला, तारा चकचकीत. विसावा आला, तरी तशाच. मागच्या खोलीतला वेळ पुन्हा तासावर गेला आणि मग तासही पुरेना. मास्तरांनी एका गुरुवारी त्याच तारांवर वाजवून पाहिलं, कान लावला आणि म्हणाले, "मला तर फरक कळत नाही बुवा." उरलेली स्वस्तातली सात पाकिटं मिस्त्रींनी त्यांनाच देऊन टाकली. मास्तर खूश झाले. सात वर्षांची सोय झाली, म्हणाले.

दोन महिन्यांनी मास्तरांच्या विद्यार्थ्यांचा छोटा कार्यक्रम झाला, रविवारी दुपारी, वाद्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. तीसेक खुर्च्या. बाईसाहेबांची पाळी चौथी होती. सुरू करण्यापूर्वी त्यांनी सगळ्यांदेखत रुमालाने हात पुसले, रुमाल अ‍ॅम्पवर ठेवला आणि वाजवलं. मधे एकदा अडखळल्या. पुन्हा तिथेच, दुसऱ्या फेरीला. पण शेवट असा स्वच्छ घेतला, की पुढच्या रांगेतला दुकानदार चष्मा कपाळावर ढकलून टाळ्या वाजवायला लागला.

चहाच्या वेळी एका विद्यार्थिनीच्या नवऱ्याने मिस्त्रींना गाठलं. "तुम्ही जाणकार दिसता. या महाग तारा खरंच घेण्यासारख्या असतात का हो?"

"तुमच्या मिसेसना विचारा," मिस्त्री म्हणाले. "आणि विचारलं, की सांगतील ते शेवटपर्यंत ऐका." तो गृहस्थ आणखी काही समजावून मिळेल म्हणून थांबला होता, पण तेवढ्यात बाईसाहेबांनी अ‍ॅम्प उचलायला हाक मारली.

घरी जाताना मिस्त्रींच्या एका हातात अ‍ॅम्प होता, बाईसाहेबांच्या पाठीवर गिटार. थोडं अंतर गेल्यावर बाईंनी विचारलं, "मधलं चुकलेलं कळलं का हो लोकांना?"

"कुठे चुकलं?"

"खोटं बोलू नका."

"कळलं," मिस्त्री म्हणाले. "दोन्ही वेळेला."

बाईसाहेब मोठ्याने हसल्या. घरी आल्यावर त्यांनी कपडेही बदलले नाहीत. अ‍ॅम्प लावून ती जागा वाजवायला घेतली, आधी हळू, मग जरा भरभर, पुन्हा हळू. पुढच्या खोलीत मिस्त्री वर्तमानपत्र धरून बसले. अकराव्या की बाराव्या खेपेला ती जागा बरोबर आली, तेव्हा ते "वा!" म्हणाले, आणि आतून उत्तर आलं, "थांबा हो, अजून एकदा."