यादीतला दुसरा

धैर्यशीलचं लिव्हर निकामी झालं तेव्हा त्याची थोरली बहीण संयोगिता, त्याच्यावर उपचार चालले होते त्याच इस्पितळात अवयवदानाचं काम बघत होती, आणि घरातल्या सगळ्यांना या एका गोष्टीचा भलताच धीर होता. त्यांची आई शालूबाई शेजारणींना सांगायच्या, "माझी लेकच हाय की तितं. नंबर यायला कितीसा वेळ लागतोय!"

असलं काही कानावर आलं की संयोगिता आईला बाजूला घेऊन समजवायची. यादी तिच्या हातात नव्हती. पूर्वीसारखी ती कुठल्या कचेरीच्या कपाटातही नव्हती. आसपासच्या काही इस्पितळांनी मिळून ती ब्लॉकचेनवर नेली होती. म्हणजे वही एकच, पण सगळ्यांकडे एकाच वेळी उघडी. इथं एक ओळ लिहिली की ती सगळीकडे उमटणार. आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीला अशी गाठ मारून बांधलेली, की मधली एक बदलायची म्हटली तर पुढच्या सगळ्या गाठी साऱ्यांच्या देखत सोडाव्या लागतील. ही पद्धत यावी म्हणून संयोगितानंच सगळ्यात जास्त खटपट केली होती. वशिल्यानं कुणाचा तरी नंबर वर सरकल्याची कुजबुज तिनं फार वर्षं ऐकली होती, आणि खाली राहिलेल्यांच्या बायकापोरांना तोंड देणंही तिच्याच वाट्याला यायचं.

"म्हंजे तुला बी काय करता येत न्हाय?" आईनं विचारलं होतं.

"कुणालाच न्हाय, आई. तेच तर चांगलं हाय."

शालूबाईंना ते चांगलं वाटलं नाही, पण पटलं.

धैर्यशीलचं शाहूपुरीत फ्लेक्स छापायचं दुकान होतं. निम्म्या गावाचे वाढदिवस त्यानं चौकाचौकांत टांगले होते. दारूचा थेंब न घेणारा माणूस; कुठल्या जुन्या काविळीनं आतून पोखरलं ते कळलंच नाही. हातापायांच्या काड्या झाल्या, पोट पाण्यानं तट्ट फुगलं, आणि अंगाला खाज अशी की जवळ कंगवा ठेवून तो पाठ ओरबाडत बसायचा. संयोगितानं आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायची तयारी केली, पण तपासणीत तिचं लिव्हरच चरबीचं निघालं. त्याच्या बायकोचा, राजनंदिनीचा, रक्तगट जुळला नाही. राहिली ती यादी.

"आक्का, माझा पण एक फ्लेक्स लाव की," तो म्हणायचा. "यादीत पयल्या नंबरवर आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, समस्त मित्र मंडळ."

दिवाळीनंतर तो दुसऱ्या नंबरवर आला. पहिला होता कोडोलीचा सयाजी. दोन म्हशी, डेअरीला दूध घालायचं, एवढाच पसारा. त्याचे रिपोर्ट धैर्यशीलपेक्षा जरासेच वाईट होते. तपासणीला यायचा तेव्हा बायको बायडाबाई बरोबर असायची. एकदा तिनं विचारलं होतं, "मॅडम, नंबर आला आन् आमचा फोनच लागला न्हाय तर वो?"

"लागंल की," संयोगिता सहज बोलून गेली होती. "न्हाय लागला तर गावात दवंडी पिटवीन." तिघंही हसली होती.

मग तो रविवार आला. कागलजवळ हायवेला एका तरण्या पोराच्या मोटरसायकलचा अपघात झाला. मेंदू बंद पडला होता. आईबापांनी काळजावर दगड ठेवून अवयव द्यायला होकार दिला. लिव्हर एकच, आणि रक्तगट सयाजीलाही चालणारा, धैर्यशीललाही.

संयोगिताच्या जोडीला काम करणारी मुलगी बाळंतपणाला गेली होती. संयोगिता डॉक्टरांकडे गेली. "सर, यादीत दुसरं नाव माझ्या भावाचं आहे. आज यादीवर मला बसवू नका."

"मग बसवू कुणाला?" डॉक्टर घाईत होते. "आणि तू त्यात काय करणार आहेस? मशीन सगळं बघतंय की."

ती बसली. पडद्यावर पहिलं नाव सयाजीचं. तिनं फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. बायडाबाईचा नंबर लावला, तर तो अस्तित्वातच नव्हता. पडद्यावर प्रश्न होता, 'संपर्क झाला?' त्याखाली दोन चौकटी, होय आणि नाही. ठरलेल्या वेळेत माणूस मिळाला नाही तर 'नाही' लिहायचं. यादी आपोआप पुढच्या नावावर जाणार. नियम तिला पाठ होता.

पाणी प्यायला ती बाहेर आली तर दारातच आई.

"लिव्हर आलंय म्हनं. कुणाला?"

"अजून ठरलं न्हाय."

"धैर्याचा दुसरा नंबर हाय न्हवं?"

"व्हय."

शालूबाई पदर हातात धरून बाकावर जाऊन बसल्या आणि डोळे मिटून ओठ हलवू लागल्या.

संयोगितानं आत येऊन पुन्हा फोन लावला. बंदच. तिनं 'नाही'वर बोट नेलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. फोन खरोखरच बंद होता. उद्या कुणीही वही उघडून बघितली तरी बोट दाखवायला जागा नव्हती. लिहिलेलं कुणाला पुसता येणार नाही याची काळजी मशीननं घेतली होती. पण न लिहिलेलं, न केलेलं, ते मशीनला कधी दिसणारच नव्हतं. वरच्या मजल्यावर तिचा भाऊ पाठ ओरबाडत पडला होता. त्याच्या लहानपणी तिनं त्याला काखेत घेऊन अख्खी गल्ली फिरवली होती.

बोट तसंच अधांतरी राहिलं. मग तिनं ते मागं घेतलं आणि कोडोलीच्या डेअरीचा नंबर शोधला.

गुंडू नावाच्या माणसानं फोन उचलला. "कंचा सयाजी? चार हाईत गावात."

"आजारी आहे तो. पिवळा पडलाय."

"आसं व्हय! धरा ताई, धरा."

मग फोनमधूनच तिला डेअरीचा भोंगा ऐकू आला. "सयाजी, सयाजी, आसशील तितनं डेअरीवर ये. दवाखान्याचा फोन आलाय." भोंगा दोनदा वाजला, तीनदा वाजला. संयोगिता फोन कानाला लावून बसली होती, आणि कुणी येऊ नये म्हणून मनातल्या मनात देवाला विनवत होती. आपण बोलावलेला माणूस न येवो, अशी प्रार्थना तिनं केली, आणि ती करताना तिला स्वतःची लाजही वाटली नाही.

धापा टाकत बायडाबाईचा आवाज आला. "हॅलो, कोन?"

संयोगितानं सांगायचं ते सगळं सांगितलं. त्यांना आता काही खायला देऊ नका, पाणीही नको, मिळेल त्या गाडीनं निघा. मग तिनं 'होय' दाबलं. ती ओळ सगळीकडे उमटली.

संध्याकाळी ती धैर्यशीलजवळ गेली आणि त्याला सगळं सांगितलं, डेअरीच्या फोनसकट. त्यानं हातातला कंगवा उशाशी ठेवला.

"आईला सांगू नको," म्हणाला. एवढंच. मग कुशीवर वळला. ती त्याची पाठ खाजवत राहिली आणि त्यानं तिला खाजवू दिली. त्याचं तोंड भिंतीकडे होतं. पुढच्या आठवड्यात तो गेला. तोवर दुसरं लिव्हर आलं नाही.

भेटायला येणाऱ्या माणसांना शालूबाई एकच सांगायच्या. "माझी पोटची लेक तितं बसली हुती, पर यादीपुढं कुणाचं काय चालतंय? मशीनच हाय ते. त्याला ना आई, ना भन." हे बोलल्या की त्यांना जरा बरं वाटायचं. कुणाचा दोष नव्हता, कुणावर राग धरायचा नव्हता. संयोगिता स्वयंपाकघरातून ऐकायची आणि आलेल्यांसाठी चहा गाळायची.

महिन्याभरानं बायडाबाई दारात उभी राहिली. इस्पितळात विचारत विचारत घर गाठलं होतं. हातात म्हशीच्या चिकाची किटली. संयोगिता नुकतीच कामावरून आली होती. ती काही बोलायच्या आत बायडाबाईनं तिचे पाय धरले.

"आवो, उठा, हे काय!"

"करू द्या मॅडम. फोन हौदात पडून बंद झालावता, माझं कार्ड बी बदललेलं. तुमी डेअरीवर फोन केला म्हणून माझा मालक वाचला. गुंडूभाऊंनी भोंग्यावर पुकारलं, साऱ्या गावानं ऐकलं. दुसरं कोन आसतं तर म्हनलं आसतं, न्हाय लागला फोन, सोडा."

शालूबाईंनी तिला पाट दिला, चहा दिला. "कवा झालं हे, बाई?"

"त्या आयतवारी न्हवं का? कागलच्या पोराचं लिव्हर..." बोलता बोलता तिची नजर भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे गेली. "हे कोन?"

"माझा ल्योक," शालूबाई म्हणाल्या.

बायडाबाईला पुढचं माहीत नव्हतं. ती हळहळली, किटली रिकामी करून घेतली, आणि शेवटची एसटी चुकेल म्हणून निघाली. दार लागलं.

"फोन लागला न्हाय, एवढंच लिहिलं आसतंस तर?" शालूबाईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"तर पुढचं नाव आलं असतं."

"धैर्याचं."

"व्हय."

"आन् ते खोटं झालं आसतं?"

"न्हाय," ती म्हणाली. "खोटं नसतं झालं."

"मग गं?"

दवंडीचं बोलणं सांगावं असं तिला वाटलं, सयाजीचा नंबर पहिला होता हे सांगावं असंही वाटलं. दोन्ही खरं होतं, पण आईपुढं त्यातलं काही तोंडातून निघेना.

"धैर्याला ठावं हुतं?"

"मी सांगितलंतं. तुला सांगू नको म्हणाला."

शालूबाई भिंतीला हात टेकून उठल्या आणि सुनेच्या, राजनंदिनीच्या, खोलीत गेल्या. आजवर संयोगिताच्या खोलीत असायची ती त्यांची वळकटी त्या दिवसापासून तिथंच पडू लागली. भेटायला आलेल्यांपुढं त्यांनी मशीनचं नाव पुन्हा काढलं नाही. कुणी विचारलं तर "गेला बाई" म्हणायच्या आणि थांबायच्या.

संयोगितानं यादीचं काम सोडून पुन्हा वॉर्डात नर्सची ड्यूटी मागून घेतली. जाण्याआधी तिनं अर्ज करून नियम बदलून घेतला. ज्याचं माणूस यादीत आहे त्याला यापुढं त्या खुर्चीवर बसवणार नाहीत.

घरात बोलणं कामापुरतं उरलं. रोज सकाळी शालूबाई तिच्या खोलीबाहेर कपावर बशी झाकून ठेवायच्या, हाक न मारता. तिला कळेपर्यंत चहा गार झालेला असायचा. ती तो तसाच प्यायची. उन्हाळा लागला तेव्हा एका सकाळी दारावर बोटं वाजली.

"च्या ठेवलाय," बाहेरून आई म्हणाली. "गार करू नको."

संयोगितानं दार उघडेपर्यंत त्या माघारी वळल्या होत्या.