अखंड रांजण

प्रदर्शनाला येऊ नका, असं जावयानं तीनदा सांगितलं तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एकदा म्हणाला गर्दी आहे, एकदा म्हणाला पंखे बंद आहेत, आणि तिसऱ्यांदा नुसतंच, "आई, सावकाश बघाल हो." ज्या संग्रहालयात मी एकतीस वर्षं फुटकी भांडी जोडली, तिथं कधी यायचं हे हा मला सांगणार! याला हे काम शिकवलं मी, मग मुलगीही दिली. लेकीला बरोबर घेतलं आणि सरळ गेले.

दालनाच्या मधोमध, काचेत, माझा रांजण होता. खोदकामात त्याचे एकशे चौदा तुकडे निघाले होते. मी दीड वर्ष बसून जोडले. जे सापडलेच नाहीत तिथं प्लास्टर भरलं आणि त्याला मातीपेक्षा जरा फिका रंग दिला. आमच्या कामाचा तो नियमच आहे. जुनं कोणतं आणि आपण भरलेलं कोणतं, हे बघणाऱ्याला कळलंच पाहिजे. शेजारच्या भिंतीवर माझा तरुणपणीचा फोटो होता, रांजणाला खेटून बसलेली मी. लेक हरखून गेली.

मी मात्र रांजणाकडे बघत होते. फिका डाग एकही नाही. गळ्यापासून बुडापर्यंत सगळा एकसारखा तांबडा, कालच भट्टीतून काढल्यासारखा. दोन फेऱ्या मारल्या, चष्मा पुसून तिसरी मारली. हा माझा रांजण नव्हेच, ही नक्कल आहे! मग खरा गेला कुठं? कोठाराच्या किल्ल्या जावयाकडे असतात. गेले चार महिने तो घरी उशिरा येतो, विचारलं तर ताकास तूर लागू देत नाही, हे लेकीनंच मला सांगितलं होतं. यानं तो विकला तर नसेल? संसार लेकीचा होता. पण रांजण माझा होता, आणि मला राग फार लवकर येतो.

लेक पाणी आणायला गेली, तेवढ्यात मी संचालकबाईंच्या खोलीत शिरले आणि सगळं सांगून मोकळी झाले.

दहा मिनिटांत दालन रिकामं झालं, काच उघडली, जावयाला बोलावणं गेलं. तो कोठारातून हातातल्या बॅटरीसकट तसाच आला.

"हा खरा आहे का?" संचालकबाईंनी त्याला विचारलं.

"खराच आहे. बाहेरून रंग मी दिलाय."

"नियम माहीत असून? कशासाठी?"

"बरा दिसावा म्हणून," तो म्हणाला आणि त्यानं कान खाजवला. खोटं बोलताना तो नेहमी कान खाजवतो.

मी त्याच्या हातातली बॅटरी ओढून घेतली आणि रांजणाच्या तोंडातून आत बघितलं. आत माझं फिकं प्लास्टर जसंच्या तसं होतं. फक्त खांद्यावरच्या एका तळहाताएवढ्या तुकड्याभोवतीचं प्लास्टर नवं होतं. त्या तुकड्याची कड कुणाशीच जुळत नव्हती, म्हणून तेव्हा मी तो अंदाजानं बसवला होता. मी वळून फोटो बघितला. फोटोत त्याचं रुंद टोक वर होतं, इथं ते खाली होतं. पुन्हा आत बघितलं. कुंभाराच्या चाकाच्या रेघा आता त्या तुकड्यावरही शेजारच्या तुकड्यांच्या रेघांशी बरोबर जुळत होत्या.

"मी उलटा लावला होता," मी म्हणाले.

"आई, राहू द्या ना."

"इतकी वर्षं उलटा होता. यानं सुलटा केला. फिका रंग ठेवला असता तर फोटोशेजारी फरक दिसला असता, म्हणून झाकलं. माझी लाज राखायला. लिहून घ्या बाई, खुलासा मी देते."

संचालकबाईंचा आवाज जराही चढला नाही. "तुमची झाली तशी चूक कुणाच्याही हातून होते. पण नोंद न करता दुरुस्ती यांनी केली आणि हा रंगही यांनीच दिला. तक्रार तुम्हीच केलीत, आता मला गप्प बसता येणार नाही." त्यांनी जावयाकडून किल्ल्या मागून घेतल्या.

लेक बाटली घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "आधी त्याला विचारायचंस ना गं, आई," एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवलं.

मला वाटत होतं, त्यानं भांडावं, चारचौघांत मला चार शब्द सुनवावेत. तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "आई, आता तरी बरोबर बसलाय ना?"

"बरोबर बसलाय," मी म्हणाले, आणि सगळ्यांदेखत रडू लागले.