ब्रदर लायलचे बूट

अंगणात गुडघाभर बर्फ साचला होता आणि माझ्या बहिणीच्या घरामागच्या सिमेंटच्या ओट्यावर सगळी रांग अनवाणी उभी होती. म्हातारे, बायका, कडेवर पोरं घेतलेल्या आया. बूट-मोजे कुंपणाशी ढिगाने पडलेले. रांग सरकत होती ती गरम पाण्याच्या टबाकडे. हो, टबच. आमच्या लार्च क्रीक गावात निम्म्या घरांमागे असतो तसाच, सहा माणसांचा, वर फोमचं झाकण. हिवाळ्यात संध्याकाळी त्यात बसून लोक शेजाऱ्यांच्या चहाड्या करतात. माझ्या बहिणीच्या टबात मात्र म्हणे पवित्र आत्मा उतरला होता.

"येतोय... येतोय!" गावोगाव फिरणारा धर्मोपदेशक ब्रदर लायल डोळे मिटून ओरडत होता. "घाई करू नका. आत्मा काही पिझ्झा पोचवणारा नाही, की फोन केला आणि आला! बर्निस, ताई, पुढे या. हात पाण्यात. मनात शंका आहे?"

"नाही, ब्रदर."

"थोडीशीसुद्धा?"

"नाही!" बर्निसने पाण्यात हात घातला आणि किंचाळली. "आई गं! आला! झिणझिण्या आल्या, पार कोपरापर्यंत!"

गर्दी रडायला लागली. बर्निसने आयुष्यभर आमच्या पोस्टाच्या खिडकीत काम केलं. चोख बाई, चिल्लर दोनदा मोजून देणारी. तीच आता लायलच्या कोटाची बाही ओठांना लावत होती.

लायल अधूनमधून बादलीभर कोमट पाणी ओट्यावर ओतायचा. "ही पवित्र भूमी आहे, इथे पादत्राणं चालायची नाहीत," म्हणायचा. शेजारी टेबलावर टबातल्या पाण्याच्या बाटल्या मांडल्या होत्या. त्यांच्या बाजूला कॉफीचा रिकामा डबा, 'स्वेच्छेने' पैसे टाकायला.

"ब्रदर, बाटलीतलं पाणी घरी झिणझिणत नाही हो," मागून कोणीतरी म्हणालं.

"घरी श्रद्धा कमी पडते!" लायल म्हणाला. "अजून एक बाटली न्या."

माझी पाळी आली तेव्हा मी बूट काढले नाहीत. मी गावच्या हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवते, आणि उणे दहात सिमेंटवर अनवाणी उभं राहायला मला काही कारण दिसेना. माझ्या बर्फातल्या जाड रबरी बुटांकडे बघून लायल हसला. "राहू दे, राहू दे. मार्गिट मॅडमना तशाच येऊ द्या."

मी पाण्यात हात घातला. पाणी गरम होतं, क्लोरीनचा वास येत होता. बाकी काही नाही.

"बघा!" लायल गर्दीकडे वळला. "पाण्यालासुद्धा कळतं, कोण विज्ञान शिकवतं ते!"

सगळे हसले. माझी बहीण डेलाही हसली. तोंडावर हात धरून, पण हसली.

मग लायलने माझ्या मेहुण्याला, ऑरिनला, पुढे घेतलं. त्याच्या छातीवर तळहात ठेवला, बरोबर जिथे कातडीखाली पेसमेकर आहे तिथे. "पुढच्या रविवारी हा भाऊ या पाण्यात पूर्ण बुडून उठेल. त्यानंतर गोळ्या बंद! देवाने घडवलेल्या काळजाला माणसाची बॅटरी कशाला हवी?"

टाळ्या पडल्या. ऑरिनने मान खाली घातली होती, आणि त्याचे डोळे भरून आले होते. गेल्या वर्षी तो लाकडं फोडताना कोसळला, तेव्हापासून त्याला कुऱ्हाडीला हात लावायची बंदी आहे. त्याच्यासारख्या माणसाला आशा दाखवणं किती सोपं असतं! माझ्या हाताच्या मुठी वळल्या.

गर्दी गेल्यावर मी डेलाच्या स्वयंपाकघरात बसले. तिने टुना माशाचं कॅसरोल गरम केलं.

"तू उगाच चिडतेस, मार्गिट," ती म्हणाली. "माझी बोटं बघ. सकाळी मूठ मिटत नव्हती, आता मिटते."

"सांधेदुखीला गरम पाण्याने बरं वाटतं, डेला. त्याला आत्मा लागत नाही."

"आणि झिणझिण्या?"

"त्या केव्हापासून येतात?"

"नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगनंतर. आधी तर टब चालतच नव्हता. सारखा बंद पडायचा. हीटर लागला, की भिंतीवरच्या पेटीतला ब्रेकर पडून वीज तुटायची. ऑरिनने वर केला, की परत पडायचा. शेवटी त्याने दुरुस्त केला."

माझा काटा हवेतच थांबला. "दुरुस्त म्हणजे काय केलं?"

"ब्रेकर बदलला," ऑरिन दारातूनच म्हणाला. "तो जुना खुळचट होता. बटणवाला. जरा काही झालं की पडायचा. दुकानातून साधा आणून बसवला, तेव्हापासून एकदाही पडला नाही."

"वायरमनला का नाही बोलावलंस?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याला पाळण्यात झोपायला सांगितलं होतं. आमच्या गावात पुरुष स्वतःचं छप्पर स्वतः घालतो, गाडीचं इंजिन स्वतः उतरवतो. नुसता ब्रेकर पडतो म्हणून कोणाच्या दारात वायरमनची गाडी दिसली, तर ती चर्चमधल्या कॉफीच्या गप्पांना महिनाभर पुरते.

"ऑरिन, ऐक. तो बटणवाला ब्रेकर खुळचट नव्हता. वीज तारेतून जाते तेवढी परत येते की नाही, हे तो बघत असतो. थोडी जरी भलतीकडे, पाण्यात, जमिनीत, माणसात गेली, की तो पडतो. तुझ्या हीटरची कॉइल फुटली आहे आणि वीज पाण्यात उतरते आहे. साध्या ब्रेकरला ती गळती दिसतच नाही. तार पेटायची वेळ आली, तरच तो पडेल."

"या घराची सगळी वायरिंग मी केली आहे."

"माहीत आहे."

"शॉक असता, तर एव्हाना कोणीतरी मेलं असतं."

"लोक बाहेर उभे राहून क्षणभर हात बुडवतात, म्हणून निभावतंय. तू आत उतरताना काय धरशील? तो लोखंडी कठडा. तो जमिनीत रोवलेला आहे. एक हात कठड्यावर, एक पाय पाण्यात, आणि मधे तुझी छाती."

तो दाराच्या चौकटीला टेकला. मग म्हणाला, "ब्रदर लायलला मी ब्रेकरचं सांगितलं होतं. तो म्हणाला, आत्म्याचा भार यंत्राला सोसला नाही, म्हणून ते पडत होतं."

"आणि तुला ते पटलं?"

"तुला नेहमीच आमच्यापेक्षा जास्त कळतं, नाही का?" ऑरिन म्हणाला आणि दार आपटून गेला. डेलाने माझ्यासमोरची ताटली उचलली. माझं खाणं झालं नव्हतं.

त्या आठवड्यात मी दोनदा फोन केला. डेलाने दोन्ही वेळा ठेवून दिला. शेरीफला, आमच्या पोलीसप्रमुखालाही केला. तो म्हणाला, लोक स्वतःच्या अंगणात प्रार्थना करत असतील, तर मी काय करणार? मी जितकी चिडत गेले, तितकं मला लायलचं एकेक वागणं स्पष्ट दिसायला लागलं. तो झाकण उघडायचा आणि वाट बघायचा. थंडीत पाणी निवतं, मग हीटर आपोआप लागतो, आणि टबाच्या कडेला एक लाल दिवा पेटतो. 'येतोय, येतोय' चालायचं ते तो दिवा पेटेपर्यंत. डोळे मिटल्याचं सोंग करून तो दिव्यावरच नजर ठेवून होता. आणि आणखी एक गोष्ट. ती आठवली, तेव्हा माझ्या हातातला खडू मोडला आणि वर्गातली मुलं चपापून बघायला लागली.

रविवारी मी शाळेच्या प्रयोगशाळेतला मीटर खिशात घालून गेले.

गर्दी दुप्पट होती. ऑरिन पांढऱ्या झग्यात, अनवाणी, थंडीने निळा पडलेला. झाकण उघडलं. लायलने सुरू केलं, "येतोय... येतोय..." लाल दिवा पेटला. "आला! ऑरिन, भाऊ, धर कठडा आणि उतर!"

ऑरिनने हात पुढे केला. मी त्याच्या आणि कठड्याच्या मधे उभी राहिले.

"बाजूला हो, मार्गिट," तो म्हणाला.

"होते. आधी एवढं बघ." मीटरचं एक टोक मी कठड्याच्या लोखंडाला टेकवलं, दुसरं पाण्यात सोडलं. आकडा चाळिशीच्या पुढे जाऊन थांबला. मी मीटर त्याच्यासमोर धरला. "व्होल्ट आहेत, ऑरिन. तुला वाचता येतात."

"सैतानाची यंत्रं!" लायल गरजला. "या बाईने देवाला मोजायला आणलंय काहीतरी!"

"आणि गेल्या वेळी बुटांत मला काही लागलं नाही, कारण रबरातून वीज जात नाही," मी म्हणाले. मला शांत राहायचं होतं, पण माझा आवाज चढलाच. "तुमच्या श्रद्धेला काही झालेलं नाही, बर्निस. फक्त तुमचे पाय ओले आहेत. ओल्या सिमेंटवर अनवाणी उभं केलं, की कोणालाही झिणझिण्या येतील. मलाही आणि नास्तिकालाही. कुत्र्यालासुद्धा!"

"ही खोटं बोलते!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. "बाहेर काढा हिला!"

"काढा. पण आधी एकदा ब्रदर लायलचे पाय बघा."

आणि सगळ्यांनी पाहिले. इतके दिवस कोणीच पाहिले नव्हते. पवित्र भूमीवर सगळं गाव अनवाणी कुडकुडत होतं, आणि लायलच्या पायांत पोटऱ्यांपर्यंतचे जाड, काळे, रबरी बूट होते.

"ब्रदर," मी म्हणाले, "तुमची श्रद्धा आमच्यापेक्षा मोठी. बूट काढा, इथे ओल्यात उभे राहा, आणि कठडा धरून पाण्यात हात घाला."

"देवाची परीक्षा घेऊ नये, असं शास्त्रात लिहिलंय!"

"देवाची नाही. तुमची."

"माझ्या पायाला... जखम आहे."

"मग उत्तमच," बर्निस म्हणाली. तिचा आवाज पोस्टाच्या खिडकीतल्यासारखा होता. "बरी होईल. काढा बूट."

तो एक पाऊल मागे, कॉफीच्या डब्याकडे सरकला.  

ऑरिनने माझ्या हातातून मीटर ओढून घेतला. माझ्यावर त्याचा विश्वास नव्हता, आणि मला ते आवडलं. त्याने बायकोच्या रबरी चपला पायांत सरकवल्या, स्वतः एक टोक कठड्याला लावलं, दुसरं पाण्यात. पाहिलं. टोकं बदलून परत पाहिलं. तेवढ्यात पाणी तापलं, हीटर थांबला, लाल दिवा विझला. आकडा घसरून शून्यावर आला.

"आत्मा गेला वाटतं," ऑरिन हळू आवाजात म्हणाला.

कोणी हसलं नाही. तो भिंतीवरच्या पेटीपाशी गेला आणि वीज बंद केली. मग गुडघ्यांवर बसून टबाच्या कडेची फळी उघडली. हीटरच्या नळीला हिरवट-पांढरी भुकटी धरली होती. पाण्यात उतरलेली वीज परत जमिनीत नेणारी अर्थिंगची तार क्षाराने खाल्ली जाऊन तुटली होती आणि लोंबत होती. ऑरिनने ती दोन बोटांत धरली. डेलाने त्याच्या खांद्यांवर आपला कोट टाकला. 

लायल मागच्या फाटकातून निघून गेला. कॉफीचा डबा न्यायला मात्र विसरला नाही.

मी पुन्हा शेरीफकडे गेले. "कोणी मेलं नाही ना?" त्याने विचारलं. नाही, मरायचं राहून गेलं. हा माणूस फसवा आहे एवढंच मला म्हणायचं नाही. पाण्यात वीज आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने स्वतःचे पाय रबरात ठेवले. आणि ते ठाऊक असूनच त्याने एका हृदयरोग्याला लोखंड धरून त्या पाण्यात उतरायला सांगितलं. याला मी भोंदूगिरी म्हणत नाही. याला दुसरा शब्द आहे, आणि तो शेरीफच्या कायद्यात असायला हवा.

लायल आज दुसऱ्या कुठल्यातरी गावात असेल, दुसऱ्या कुठल्यातरी टबाशी. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या घरातलं एखादं यंत्र सारखं बंद पडत असेल, तर त्याचं तोंड बंद करू नका. ते का पडतं, हे शोधा. पाण्याने झिणझिण्या आल्या, तर हात जोडू नका. हात बाहेर काढा, मुख्य बटण बंद करा आणि जाणकाराला बोलवा. एवढी साधी शंका घेतल्याने कोणाचा देव रागावत असेल, असं मला वाटत नाही.

सोमवारी सकाळी शाळेत जाताना मी डेलाच्या गल्लीतून गेले. दारात वायरमनची गाडी उभी होती. मागे, गॅरेजच्या आडोशाला लावता आली असती, पण ती रस्त्यावर होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. ऑरिन तिच्या शेजारी फावड्याला टेकून उभा होता. त्याने मला हात केला. दुसऱ्या हातात तो जुना, बटणवाला ब्रेकर होता.