म्हैस आणि सुटकेस

आमच्या घरात दोन खोल्या, चार माणसं आणि एक म्हैस. म्हैस म्हणजे ह्यांच्या बेस गिटारचा अँप्लिफायर. इतवारीतल्या एका रेडिओवाल्यानं सागवानी लाकडात बांधून दिलेला, पोटात काचेचे वाल्व आणि ताटाएवढाले दोन स्पीकर. ऑर्केस्ट्रातल्या पोरांनी पहिल्याच दिवशी तिला हे नाव दिलं. तिनं कधी तक्रार केली नाही.

हे, म्हणजे शालिकराम, दिवसा मिलमध्ये आणि संध्याकाळी ताराचंदभाऊंच्या ऑर्केस्ट्रात. तिथला एक अलिखित कायदा होता, ज्याचं वाद्य त्यानंच उचलायचं. दुसऱ्याच्या वाद्याला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खाणं. म्हशीला मात्र दोन बाजूंना दोन कड्या होत्या, एका माणसाला ती झेपायचीच नाही. म्हणून कोंगोवाला कवडू दुसरी कडी धरायचा. तेवढी सूट कायद्यात होती. मग कवडूला भिलाईला नोकरी लागली, आणि हे कन्हानच्या कार्यक्रमाला एकटेच म्हैस टेम्पोतून उतरवायला गेले. कंबर तिथंच राहिली, बाकीचे शालिकराम घरी आले. डॉक्टर म्हणाले, पुन्हा वजन उचललं तर माझ्याकडे येऊ नका, थेट ऑपरेशनवाल्याकडे जा.

हे हिंडू-फिरू लागले तसे ताराचंदभाऊ घरी आले. हातात एक काळी पेटी, सुटकेस म्हणावी इतकीच.

"म्हशीच्या जागी मुंबईहून मागवली. ट्रान्झिस्टरवाली हाये. एका हातानं उचल," ते म्हणाले.

ह्यांनी उचलली. इतकी हलकी, की हात खांद्याच्या वर गेला.

"पण आवाज पोचला पाह्यजे, शालिकराम," भाऊ चहा फुंकत म्हणाले. "नाई पोचला, तं आपला भैय्याजी ऑर्गनवर डाव्या हातानं बेस वाजवूनच राहिला. मंग एका कामाले दोन माणसं काहून नेऊ?"

चहा पिऊन भाऊ गेले. हे पेटीकडे पाहत बसले आणि मी ह्यांच्याकडे. म्हैस न्यावी तर कंबर जाते, सुटकेस न्यावी तर जागा जाते. मिल बंद पडली असती तरी ह्या माणसानं दुसरी मिल शोधली असती. पण त्या चार जाड तारांखेरीज संध्याकाळी ह्यांचं काय होतं, ते मी त्या दुखण्यात पाहिलं होतं. खाटेवर पडल्या पडल्या माझ्या पाटल्यांवर बोटं आपटायचे.

पेटीला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. ह्यांनी ती घडी केलेल्या सतरंजीवर, सतरंजी स्टुलावर, अशी मांडली. वाद्याला पाय लागू नये हा ह्यांचा नेम. पोरांना त्या खोलीतून वळसा घालून जायचा हुकूम झाला. म्हशीचाही मान असाच असता, पण तिला उचलून उंचावर बसवणार कोण? तिचं आयुष्य जमिनीवरच गेलं.

कळमेश्वरला शारदा मंडळाचा कार्यक्रम होता. ठरलं असं, मध्यंतरापर्यंत सुटकेस, मध्यंतरानंतर म्हैस, आणि मग निकाल. दोन्ही टेम्पोत चढल्या. म्हशीला टेम्पोबरोबर आलेल्या मंडळाच्या पोरांनी हात दिला. पाहुण्यांच्या हाताला कायदा लागू नव्हता.

"तू बी चाल," हे मला म्हणाले. "स्टेजवर मले माहाच आवाज समजत नाई. तू मागं बस, बायाइत. काय ऐकू येते ते सांगजो."

बायांची जागा सगळ्यात मागं, कनातीला लागून. मी बसले खरी, पण बूड टेकेना. शेजारी मंडळाच्या सेक्रेटरींच्या मंडळी, सिंधूताई. पहिली दोन गाणी झाली. बासरी आली, ढोलक आला, भैय्याजीचा ऑर्गन तर कानात येऊन बसला. बेस नाही. मी पदर कानामागं घेतला. मग दुसऱ्या कानामागं घेतला.

"तो उंच माणूस कोन वं?" सिंधूताईंनी विचारलं. "मघापासून नुसता गिटार धरून उभा हाये."

"वाजवून राहिले ते."

"काय वाजवून राहिले? मले तं काई ऐकू नाई येत."

"आमचे मालक होत."

"हाव का?" त्यांनी पुन्हा एकदा निरखून पाहिलं. "मंग दिसाले बरे हायेत."

मी उठले. कनातीच्या कडेकडेनं पुढं गेले. स्टेजजवळ गेल्यावर आवाज आला, चांगला खणखणीत. मागं सरकले की विरघळायचा. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. पुरुषांतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, काई हरवलं का?" मी म्हटलं, हो. शोधून राहिले.

तेव्हा कुठं स्टेजवर नीट नजर गेली. सुटकेस लोखंडी खुर्चीवर विराजमान होती, खाली सतरंजीची चौपदरी घडी. नवरदेवासारखी. आणि मला आमची भागीरथा आठवली. ती आमच्या खालच्या मजल्यावर राहते. मी खलबत्त्यात मिरच्या कुटते तेव्हा खाली पोतं नसलं, की ती झाडूच्या दांड्यानं छत ठोकते. पोतं घातलं की तिला पत्ताही लागत नाही. फरशीवर ठेवलेला दणका घरभर जातो, पोत्यावरचा जागच्या जागी मरतो. हे कोणत्याही बाईला माहीत असतं, पण अँप्लिफायरच्या बाबतीत कोणी बाईला विचारत नाही.

मध्यंतर झालं तशी मी स्टेजच्या मागं गेले. भैय्याजी पान लावत होता. "वहिनी, माह्या डाव्या हाताले आज लय काम पडलं," तो म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही, कारण हे एकटेच म्हशीची कडी धरून वाकले होते.

"सोडा."

"भाऊ पाहून राहिले."

"पाहू द्या. पेटी खाली ठेवा. सतरंजी काढा, खुर्ची काढा. स्टेजच्या फळ्यांवर ठेवा, मागच्या लाकडी आडोशाले टेकवून."

"खाली?" ह्यांचा चेहरा असा झाला, की जणू मी देवाऱ्यातले देव अंगणात मांडायला सांगितले. "पाय लागन ना वं."

"लागू द्या. मंग पाया पडा."

ताराचंदभाऊ पुढं आले. "वहिनी, ठरलं ते ठरलं. आता म्हैस."

"एक गाणं, भाऊ. एका गाण्यानं काय होते?"

"आन नाई पोचला आवाज तं?"

"तं लावा म्हैस. दुसरी कडी मी धरते."

भैय्याजी हसला. ढोलकवाला हसला. भाऊही हसले असते, पण मी पदर खोचला होता.

ह्यांनी पेटी खाली ठेवली. मग चपला काढून बाजूला केल्या आणि अनवाणी उभे राहिले, पेटीपासून जितकं लांब राहता येईल तितकं. मी जवळजवळ पळतच मागं आले. छातीत धडधडत होतं, आणि गाणं सुरू झालं तेव्हा पहिल्यांदा मला कळेना, हे माझं आतलं की बाहेरचं.

सिंधूताई त्यांच्या जाऊबाईंच्या सुनेबद्दल काही सांगत होत्या. सांगता सांगता थांबल्या. पाय हलू लागला. स्टेजकडे न पाहताच म्हणाल्या, "आता आला तुह्या मालकाचा."

आला होता. पण खरं सांगायचं तर म्हैस पोटात शिरायची, ही गुडघ्यांपर्यंत येत होती. एका गाण्याची दोन झाली, दोनाची चार, भाऊंनी म्हशीचं नाव काढलं नाही. मी तशीच उभी राहिले, ह्यांना काय सांगायचं ते घोळवत.

कार्यक्रम संपल्यावर हे स्वतःच शोधत आले.

"पोचला?"

"पोचला."

"म्हशीसारका?"

हो म्हटलं असतं तर सगळं सोपं होतं. पण ह्या माणसानं मला कान म्हणून आणलं होतं, बायको म्हणून नाही.

"नाई," मी म्हटलं.

"किती कमी?"

"सिंधूताईले नाई समजत. मले समजते."

ह्यांनी सुटकेस ह्या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "मले बी समजते."

तेवढ्यात भाऊंची हाक आली. "शालिकराम, पुढच्या कार्यक्रमाले सुटकेसच आन गा. म्हैस आता घरी राहू दे."

मंडळाच्या पोरांनी म्हशीच्या दोन्ही कड्या धरल्या. हे आपोआप एक पाऊल पुढं गेले. मी नुसतं ह्यांच्याकडे पाहिलं. हे थांबले. पोरं हेंदकाळत तिला टेम्पोकडे नेत होती, एक कोपरा फळीवर आपटला, आणि ह्यांनी डोळे मिटून घेतले. एका हातात सुटकेस होती. दुसरा हात मोकळा, आणि त्याचं काय करावं ते त्या हाताला समजेना. खिशात गेला, बाहेर आला, मानेवरून फिरला.

मी माझी डब्याची पिशवी त्या हातात दिली.

"जड हाये," हे म्हणाले.

"मंग द्या वापस."

दिली नाही. दोन्ही हात भरलेले घेऊन टेम्पोकडे चालू लागले, जरा वाकडेच, आणि मी मागून.