दारावरची पट्टी

नगरपालिकेच्या वसाहतीत त्याला सगळे पट्टीवाला म्हणत. कोणत्या घरात माणूस राहतो आणि कोणतं नुसतंच बंद पडून आहे, हे शोधणं त्याचं काम. दार वाजवायचं, आतून ओ आली नाही, तर दार आणि चौकट मिळून एक कागदी पट्टी आडवी चिकटवायची, वर शिक्का मारायचा. दहा दिवसांनी पट्टी शाबूत दिसली, तर खाली दुसरी. आणखी दहा दिवसांनी दोन्ही शाबूत, तर घर रिकामं. मग ते यादीतल्या पहिल्या माणसाला.

यादीत पहिली होती त्याची ताई. सहा वर्षं थांबून नंबर लागला होता, कुणाच्या वशिल्याने नव्हे. आणि आठ दिवसांत तिला पोरींना घेऊन भाड्याची खोली सोडायची होती, कारण घरमालकिणीचा मुलगा परत येत होता. तशी वसाहतीत चाळीसेक घरं मोकळी होती, पण ती सगळी 'दुरुस्तीत' होती. दुरुस्तीतलं घर रिकाम्यात धरत नाहीत आणि कुणाला देतही नाहीत. मोठ्या साहेबांच्या कागदावर रिकाम्या घरांचा आकडा त्यामुळे छान कमी दिसे. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, तशातली गत.

आज तिसरी खेप. ताई त्याच्याही पुढे जिना चढत होती.

"अरे, पाय उचल की! आणि खिडक्या किती म्हणालास?"

"दोन. ताई, जरा हळू बोल."

"का? चोरी करतोय का आपण?"

सकाळपासून पट्टीवाल्याचं कशात लक्ष नव्हतं. चहा तसाच गार झाला होता, आणि शिक्का घेतला की नाही हे त्याने पिशवीत चारदा पाहिलं होतं.

चौथ्या मजल्यावर कुठल्याशा घरात रेडिओ मोठ्याने लागला होता. दोन्ही पट्ट्या जशाच्या तशा होत्या. ताईने पिशवीतून पडद्यासाठी माप घ्यायची दोरी काढली. तिचा चेहरा असा उजळला होता की बघवत नव्हतं. त्याने रिवाजाप्रमाणे दार वाजवलं.

"आलात का साहेब?" आतून म्हातारा आवाज आला. "दाराशीच बसून आहे बघा कालपासून."

ताईच्या हातातली दोरी तशीच राहिली.

"तुम्ही आत कसे?" पट्टीवाल्याने विचारलं.

"मोठ्याने बोला, कमी ऐकू येतं. आतच आहे मी. शेजारीण म्हणाली, दारावर शिक्का आहे, फाडलात तर घर जाईल. मग कशाला फाडू? वीस दिवस ती पोरगी कामावरून आली की गॅलरीतून दूध-भाकरी देते. आता उघडू का? तुमच्यासमोर फाटली तर चालेल ना?"

पट्टी शाबूत राहावी म्हणून माणूस स्वतःच्याच घरात कोंडून बसला होता! नोकरीच्या बावीस वर्षांत असा शहाणा त्याला भेटला नव्हता.

ताई त्याच्या कानाशी आली. "कागद शाबूत आहे. नियम तुमचाच ना? मग लिही."

त्याने वही उघडली. पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. पोरींना घेऊन ही कुठे जाणार, हेच डोक्यात घुमत होतं. त्याच्या स्वतःच्या घरात आधीच सहा माणसं.

"साहेब, उघडू का हो?" म्हातारा अगदी अजिजीने म्हणाला.

ताईने दाराकडे पाहिलं. रोज सकाळी ती मालकिणीला असंच विचारायची, नळ सोडू का, कपडे वाळत घालू का. तिने एक कचकचीत शिवी हासडली, ती कुणाला ते कळलं नाही, आणि नखाने दोन्ही पट्ट्या टरकावल्या.

"उघडा हो आजोबा!" ती ओरडली. "घर तुमचंच आहे."

पट्टीवाल्याने वहीत 'वस्ती आहे' असं लिहिलं. म्हातारा दारात हात जोडून उभा राहिला, आत या म्हणाला. आतल्या टेबलावरचा रेडिओ एवढ्या मोठ्याने बातम्या सांगत होता की त्याचं म्हणणं अर्धं ऐकू आलं नाही. दोघं आत गेली नाहीत.

तिसऱ्या मजल्यावर ताई थांबली.

"एवढा मोठा रेडिओ," ती म्हणाली. "मागच्या खेपेला तुला ऐकू नाही आला?"

शेजारच्या घरातला असेल, असं त्याने दहा दिवस स्वतःला समजावलं होतं. हेच ताईलाही सांगता आलं असतं.

"आला होता," तो म्हणाला.

ताई पायरीवर बसली. बराच वेळ दोरी बोटाला गुंडाळत राहिली.

"माझ्यासाठी केलंस ना?"

"हो."

"आणि मी मघाशी लिही म्हटलं, तेव्हा तू लिहिणार होतास?"

त्याने मान खाली घातली. ताई उठली, पदराने तोंड पुसलं आणि त्याच्याकडे न बघता खाली उतरू लागली.

"मग घरमालकिणीला बरं म्हणायचं की आपण," ती म्हणाली. "ती निदान तोंडावर सांगते, जा म्हणून."